‘आज्ञा ओळखता आली नाही’ : कंपायलरच्या तक्रारीचे निदान

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद झाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने या किडीबाबत इशारा प्रसृत केला आणि वर्ष सरण्यापूर्वी ती महाराष्ट्रातील मक्यावरही आढळली. तेव्हापासून ‘कीड आहे की नाही’ हा प्रश्न मागे पडला असून ‘पुढची पिढी केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. लहान अवस्थेतील अळी पानाचा पृष्ठभाग खरवडत उघड्यावर असते, तोवरच उपाय परिणामकारक ठरतात. ती पोंग्यात शिरली की वरून पडणारे औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर तापमानात दडलेले असते. कीटकांची वाढ दिनदर्शिकेनुसार होत नाही, साठलेल्या उष्णतेनुसार होते. एका किमान तापमानाखाली वाढ थांबते आणि त्यावरील प्रत्येक अंश हिशेबात जमा होतो. या जमाखर्चाच्या एककास अंश-दिवस म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील डु प्लेसिस व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकन लष्करी अळीचे किमान तापमान १२.५७ अंश सेल्सिअस असून अंड्यापासून पतंगापर्यंत ३९१.६१ अंश-दिवस लागतात. त्याच अभ्यासात स्थिर १८ अंशांवर हा प्रवास सुमारे ७१ दिवसांचा, तर ३२ अंशांवर केवळ २० दिवसांचा आढळला. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील २२ अंश दैनिक सरासरीच्या दिवसांत एका पिढीस ४१ ते ४२ दिवस लागतील, तर २८ अंश सरासरी असलेल्या ठिकाणी २५ ते २६ दिवस पुरतील. म्हणून एका गावाचे वेळापत्रक दुसऱ्या गावास जसेच्या तसे लावता येत नाही.

एका हवामान केंद्राचे एका हंगामाचे गणित वहीत किंवा एक्सेलमध्ये सहज होते. अनेक केंद्रे, अनेक वर्षे आणि तासातासाच्या नोंदी हाताशी आल्या की संशोधक छोटे प्रोग्राम लिहितात, आणि त्यांपैकी काही सी भाषेत असतात. असा प्रोग्राम मिळतो तो माणसाने वाचण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात. संगणकास तो थेट चालवता येत नाही. त्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. जीसीसी हा त्यांपैकी सर्वाधिक वापरात असलेल्या कंपायलरांपैकी एक. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये तो प्रथम प्रसृत केला आणि आजही तो विनामूल्य मिळतो.

अनेक उत्साही कार्यकर्त्यांचे काम नेमके येथेच अडते. सूचनांप्रमाणे सारे काही बसवले जाते, विंडोजची काळी खिडकी उघडून ‘जीसीसी’ ही आज्ञा दिली जाते आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर उमटते. त्याचा अर्थ असा : ‘जीसीसी’ ही अंतर्गत वा बाह्य आज्ञा, चालवण्याजोगा प्रोग्राम किंवा बॅच फाइल म्हणून ओळखता आली नाही. पॉवरशेल या निळ्या खिडकीत शब्दरचना थोडी निराळी असते, तात्पर्य तेच. पुढे बहुधा काय होते, तेही ठरलेले आहे. सारे काढून टाकून पुन्हा बसवले जाते, पुन्हा तीच ओळ दिसते, तिसऱ्यांदा दुसऱ्याच संकेतस्थळावरून दुसराच संच उतरवला जातो आणि दोन दिवस जातात. कीड न ओळखता हाताशी असेल ते औषध फवारण्याचाच हा प्रकार होय.

(या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या लहान इंग्रजी अक्षरांत टंकित कराव्यात.)

या संदेशात ‘कंपायलर नाही’ असे कोठेही म्हटलेले नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. काही आज्ञा त्या काळ्या खिडकीच्या स्वतःच्या असतात. फाइलींची यादी दाखवणारी ‘डीआयआर’ किंवा फोल्डर बदलणारी ‘सीडी’ या अशा अंतर्गत आज्ञा होत. उरलेल्या साऱ्या आज्ञा म्हणजे डिस्कवर कोठेतरी ठेवलेले प्रोग्राम, म्हणजेच बाह्य आज्ञा. एखादा शब्द अंतर्गत आज्ञांत नसेल, तर विंडोज त्या नावाचा प्रोग्राम शोधू लागते. मात्र हा शोध सबंध डिस्कवर घेतला जात नाही. लाखो फाइलींत प्रत्येक वेळी शोधत बसणे परवडणारे नसते. आधी चालू फोल्डर आणि नंतर ‘पाथ’ नावाच्या यादीत नोंदवलेले फोल्डर, त्याच क्रमाने, एवढाच हा शोध असतो. यादी संपली आणि प्रोग्राम मिळाला नाही की वरील ओळ उमटते. म्हणजे संगणकाचे म्हणणे इतकेच असते की मला सांगितलेल्या घरांत या नावाचे कोणी नाही. ती व्यक्ती गावातच नाही, की गावात असूनही तिच्या घराचा पत्ता यादीत नाही, याचा निर्णय आपणच करावयाचा असतो.

ही पाथची यादी नवी नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीत ती १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे आणि युनिक्समध्ये तिचा वापर त्याही आधीचा. तरीही आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना ती अपरिचित वाटते, त्यास कारण आहे. महाविद्यालयात त्यांनी सी भाषा शिकली ती बोर्लंडच्या टर्बो सी या निळ्या पडद्यावर. तेथे लिहिण्याची जागा आणि कंपायलर एकाच खोक्यात बंद असत; कंपायलर कोठे आहे हे विचारण्याची वेळच येत नसे. आज प्रचलित असलेले व्हीएस कोड हे लिहिण्याचे साधन आहे, त्यात सी भाषेचा कंपायलर नसतो. ते बसवले म्हणजे कंपायलर आला, हा समज सर्रास आढळतो आणि निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

निदानाची पहिली पायरी म्हणून डिस्कवर कंपायलरची फाइल प्रत्यक्ष आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. विंडोजवर जीसीसी मिळवण्याचा आज रूढ असलेला मार्ग म्हणजे एमसिस-२ हा संच. तो नेहमीच्या पद्धतीने बसवला तर सी ड्राइव्हवर ‘एमसिस६४’ हे फोल्डर तयार होते. त्याच्या आत ‘यूसीआरटी६४’, त्याच्या आत ‘बिन’, आणि ‘बिन’मध्ये ‘जीसीसी’ नावाची, ‘ईएक्सई’ हा शेपटीचा भाग असलेली फाइल असावयास हवी. ‘बिन’ रिकामे असेल किंवा ती फाइल तेथे नसेल, तर कंपायलर खरोखरच बसलेला नाही. असे होण्याचे प्रमाण मोठे आहे, कारण एमसिस-२ बसवल्याने केवळ गोदाम उभे राहते, माल आपण मागवावा लागतो. त्यासाठी एमसिस-२ च्या ‘यूसीआरटी६४’ नावाच्या खिडकीत ‘पॅकमन’ ही आज्ञा, तिच्यापुढे एक आडवी रेघ व मोठे ‘एस’ आणि शेवटी पॅकेजचे नाव द्यावयाचे असते. हे नाव ‘मिंगडब्ल्यू, डब्ल्यू६४, यूसीआरटी, एक्स८६_६४, जीसीसी’ या पाच शब्दांचे असून ते सलग, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहितात. त्यात केवळ ‘एक्स८६’ व ‘६४’ यांच्या मध्ये तळरेघ असते. इंटरनेट जोडणी धिमी असेल तर हा टप्पा वेळ घेतो. मध्येच खिडकी बंद करू नये. संच बसवताना फोल्डरचे नाव लहान, इंग्रजी अक्षरांचे आणि मोकळ्या जागेविना असावे, अशी एमसिस-२ ची स्वतःचीच सूचना आहे. ‘माझे प्रोग्राम’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरात तो बसवण्याचा मोह टाळावा.

फाइल सापडली तर दुसरी चाचणी करावी. काळ्या खिडकीत केवळ ‘जीसीसी’ न लिहिता तिचा संपूर्ण पत्ता लिहावा : सी, अपूर्णविराम, आणि प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी उलटी तिरकी रेघ देत शेवटी ‘जीसीसी’. त्यापुढे मोकळी जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘व्हर्जन’ हा शब्द लिहावा. कंपायलरने आपला आवृत्ती-क्रमांक सांगितला तर निदान पक्के झाले. कंपायलर निरोगी आहे, त्याचा पत्ता मात्र पाथच्या यादीत नाही. याउपर काहीही पुन्हा बसवण्याची गरज नाही. संपूर्ण पत्ता देऊनच रोजचे काम भागवावे, असे काहींना वाटेल. तसे करू नये. जीसीसी एकट्याने काम करीत नाही. तो पोटात आणखी मदतनीस प्रोग्राम चालवतो आणि त्यांना लागणाऱ्या फाइलीही पाथच्या आधारेच मिळतात. पत्ता नोंदवलेला नसेल तर काही वेळा कोणताही संदेश न देता काम अर्धवट थांबते, आणि तो दोष शोधणे अधिक कठीण जाते.

आता दुरुस्ती. विंडोजच्या शोधपेटीत ‘एन्व्हायर्नमेंट’ हा शब्द लिहिला की दोन पर्याय दिसतात, एक संपूर्ण यंत्रासाठी आणि दुसरा केवळ आपल्या खात्यासाठी. कार्यालयीन संगणकावर प्रशासकाचे अधिकार नसतील तर दुसरा पर्याय निवडावा. त्यास परवानगी लागत नाही. उघडलेल्या चौकटीत ‘पाथ’ ही ओळ निवडून ‘एडिट’ व नंतर ‘न्यू’ दाबावे आणि ‘बिन’ फोल्डरचा पत्ता लिहून सर्व चौकटी ‘ओके’ करून बंद कराव्यात. येथे दोन चुका वारंवार होतात. काही जण फोल्डरऐवजी ‘जीसीसी’ फाइलचाच पत्ता लिहितात, तर काही जण केवळ ‘एमसिस६४’ येथवरच थांबतात. यादीत फोल्डर हवे, आणि तेही ज्यात फाइल प्रत्यक्ष आहे तेच. विंडोज यादीतील फोल्डरच्या पोटात शिरून उपफोल्डर तपासत नाही.

एवढे करूनही त्याच काळ्या खिडकीत तीच ओळ पुन्हा उमटते, तेव्हा भलेभले निराश होतात. याचे कारण साधे आहे. प्रत्येक खिडकी उघडते त्या क्षणी पाथच्या यादीची एक प्रत आपल्याबरोबर घेते आणि बंद होईपर्यंत तीच वापरते. मूळ यादी बदलल्याचे तिला कळत नाही. खिडकी बंद करून नवी उघडावी. व्हीएस कोडमधील टर्मिनल वापरत असल्यास संपूर्ण व्हीएस कोड बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण आतील टर्मिनलला यादी मिळते ती बाहेरील प्रोग्रामकडून. दुरुस्ती योग्य असूनही ती फसली असे समजून पुन्हा पहिल्या पायरीवर जाणारे बहुतेक लोक येथेच चकलेले असतात.

काही ठिकाणी ‘सेटएक्स’ या आज्ञेने एका ओळीत पाथ बदलण्याचा सल्ला दिला जातो. हा सल्ला धोक्याचा आहे. ही आज्ञा १०२४ अक्षरांपुढील मजकूर कापून टाकते. संगणकावर वर्षानुवर्षे अनेक प्रोग्राम बसवले असतील तर यादी त्याहून लांब असू शकते. मग शेपटीकडील पत्ते नाहीसे होतात आणि काल चालणाऱ्या आज्ञा आज ‘ओळखता येत नाहीत’. म्हणून चौकटीतूनच बदल करावा आणि त्याआधी असलेली यादी एखाद्या मजकूर-फाइलीत उतरवून ठेवावी.

याच्या उलट एक अडचण अशी की जीसीसी ओळखला जातो, पण भलताच. आर या सांख्यिकी प्रणालीसाठी लागणाऱ्या आरटूल्समध्ये स्वतःचा जीसीसी असतो. स्ट्रॉबेरी पर्लसारखे संचही आपला जीसीसी बरोबर आणतात. कीटकशास्त्रात ट्रायकोग्रामा या अंडी-परोपजीवी गांधीलमाशीच्या जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की नराच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याविना खात्री होत नाही. येथेही नाव एकच, जात निराळी. खात्रीसाठी ‘व्हेअर जीसीसी’ ही आज्ञा द्यावी. यादीच्या क्रमाने सापडलेले सर्व पत्ते दिसतात आणि त्यांतील पहिला तोच वापरला जातो. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थ वेगळा असल्याने तेथे ‘व्हेअर’पुढे ‘डॉट ईएक्सई’ जोडावे लागते. चुकीचा जीसीसी वर असेल तर पाथच्या चौकटीतील ‘मूव्ह अप’ बटणाने हवा तो पत्ता वर सरकवता येतो. मात्र संपूर्ण यंत्राची यादी आपल्या खात्याच्या यादीआधी वाचली जाते. अडथळा त्या यादीत असेल तर प्रशासकाची मदत घ्यावी लागते.

किरकोळ कारणेही असतात. कळफलक मराठीवर राहून गेलेला असतो आणि आज्ञा देवनागरीत उमटते. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या आज्ञेत साध्या आडव्या रेघेच्या जागी लांब रेघ आलेली असते. दिसायला सारखी, संगणकास मात्र परकी. पायथॉन बसवणाऱ्यांना याच आजाराचे निराळे लक्षण दिसते. ‘पायथन’ ही आज्ञा दिल्यावर विंडोज कधीकधी सरळ मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. उबुंटूवर ‘आज्ञा सापडली नाही’ असे उत्तर मिळाले तर बहुधा कंपायलर खरोखरच बसलेला नसतो, आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा संच बसवला की काम होते.

कंपायलर ओळखला जाऊ लागला की प्रोग्राम संकलित करावा आणि पहिल्याच दिवशी हाताने ताडून पाहावा. कमाल ३० आणि किमान १९ अंश हेच तापमान रोज राहते असे मानावे. सरासरी २४.५, त्यातून १२.५७ वजा केल्यावर रोजचे ११.९३ अंश-दिवस. ३९१.६१ चा टप्पा ३३ व्या दिवशी ओलांडला जातो. ३२ व्या दिवसाअखेर बेरीज ३८१.७६ असते. प्रोग्रामने ३३ हे उत्तर दिले तर तो पुढील कामास घ्यावा. उत्तर ३५ आले तर सूत्राकडे पाहावे. तापमाने पूर्णांक म्हणून घेऊन त्यांच्या बेरजेस २ ने भागले, तर सी भाषा अपूर्णांक टाकून देते आणि २४.५ ची सरासरी २४ होते. कंपायलर याबद्दल तक्रार करीत नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो आणि दोन दिवस उशिराचा अंदाज शेतापर्यंत पोहोचतो. लष्करी अळीची अंडी उबण्यास उष्ण दिवसांत दोन ते तीन दिवसच लागतात. अशा वेळी सूत्रातील २ च्या जागी २.० लिहून प्रोग्राम पुन्हा संकलित करावा आणि ३३ हे उत्तर येते का ते पाहावे.